बिनकानाचा कप

खर्डीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, रघूशेठचा दुमजली बंगला आहे. दिवाणखान्यात मोठा टीव्ही आहे, सोफा आहे, सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. पण आलेल्या माणसाला आधी नेतात ते काचेच्या कपाटापुढे. कपाटात निळ्या-पांढऱ्या बश्या, दोन वाडगे, एक किटली आणि तोंडाचा टवका उडालेलं दुधाचं भांडं. पाहुणा हमखास म्हणतो, "वा, चायनाचं दिसतंय!" आणि रघूशेठ नेमका त्याचीच वाट बघत असतो.

"चायनाचं नाय, इंग्लंडचं. अडीचशे वर्षांपूर्वीचं," तो सांगतो. "चीनहून माल आणणं साहेबाला महाग पडायला लागलं, मग त्यानं घरीच चीन काढला."

मग तो बशी हातात घेऊन चित्र दाखवतो. निळा पूल, पुलापलीकडे चिनी देऊळ, वाकलेलं झाड, होडीत टोपीवाला कोळी. चितारणाऱ्याने जन्मात चीन पाहिला नव्हता. दुसऱ्यांची भांडी बघून त्याने देश रंगवला. बशी पालथी केली की खाली चिनी अक्षरासारखं काहीतरी, पण ते कुठल्याच भाषेतलं नाही, नुसतीच वळवळ. रघूशेठला हे भारी आवडायचं. खोटं बोलावं तर असं, की माणूस मेला तरी खोटं जिवंत राहिलं पाहिजे. तो स्वतः जमिनींची दलाली करायचा, त्यामुळे त्याला कारागिराची कदर होती.

नाद लागला तोही जमिनीपायीच. मुंबईची मेहेरबाई प्लॉट बघायला आली होती. सत्तरी ओलांडलेली पारशीण, हातात काठी, गळ्यात दोरीला भिंग. रघूची आई धोंडूबाई तेव्हा ओटीवर बसून जुन्या बशीत हळद कालवत होती. मेहेरबाईने प्लॉट राहू दिला आणि हळदीची बशी मागून घेतली. धुवून उजेडात धरली. काठाला हिरवट झाक दिसली आणि बाईचा हात थरथरला. रघूने आयुष्यभर लोकांचे हात बघून व्यवहार केले होते. एवढं थरथरणारं गिऱ्हाईक त्याने कधी पाहिलं नव्हतं.

बशी घरात कशी आली हे सगळ्यांना ठाऊक होतं. कसाऱ्याच्या घाटात रेल्वे टाकत होते तेव्हा रघूचा खापरपणजा एका साहेबाचा खानसामा होता. साहेब तापाने खंगून मायदेशी गेला आणि जाताना काही भांडी ठेवून गेला. बाकीची पोराटोरांनी फोडली, बशी तेवढी उरली. रघूने ती विकली नाही. उलट तशीच आणखी गोळा करायला लागला. शहापुरातल्या जुन्या वखारी धुंडाळल्या. मुरबाडला एका सोनाराच्या विधवा आईला नवा मिक्सर दिला आणि तिच्या फडताळातलं दुधाचं भांडं उचललं. म्हातारी अजून त्याला दुवा देते. रघूशेठ हे सांगताना पोट धरून हसायचा.

दिवाळीनंतर मेहेरबाई पुन्हा आली. कपाटातला माल तिने भिंगाखालून बघितला आणि नाक मुरडलं.

"रघूभाई, बाकी सगळं ठीक. तुमची ती बशी मात्र हिरा हाय. फक्त एकटी हाय बिचारी. हिच्याबरोबर कप असणार, वाटीसारखा. त्या टाइमला कपाला कान नव्हतेच. चिनी लोक तसेच प्यायचे, म्हणून साहेबपण तसाच पिणार, बोटं भाजली तरी." मग ती काठीवर रेलून म्हणाली, "होळीनंतर आमचं मुंबईला प्रदर्शन हाय. जोडी असती तर मधल्या कपाटात ठेवली असती, खाली तुमचं नाव. एकट्या बशीला कोण विचारतो?"

खाली तुमचं नाव. हे तीन शब्द रघूशेठच्या डोक्यात जाऊन बसले ते उठायला तयार होईनात. शहापूर तालुक्यात त्याला सगळे ओळखत, पण दलाल म्हणून. समोर रघूशेठ म्हणायचे आणि पाठ वळली की लांडगा म्हणायचे. मुंबईत काचेमागे, दिव्याखाली, 'रघुनाथ' अशी पाटी लागली असती तर ह्या सगळ्यांच्या थोबाडीत बसली असती. त्याला ते हवं होतं, दुसरं काहीच नको होतं.

मेहेरबाईची गाडी फाटकाबाहेर पडली आणि ओटीवरून धोंडूबाई बोलली. "ती बाई काय म्हणत व्हती रे? बिनकानाचा? निळ्या पुलाचा?"

"हां. का?"

"तो तर जैतूचा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. रघूशेठला सगळं आठवलं. जुन्या घराची पडवी, पडवीच्या वळचणीला वाशात पालथा घातलेला निळा कप. जैतू म्हणजे त्यांचा वर्षाचा गडी, उंबरमाळीच्या वरच्या अंगाला डोंगरात वाडी आहे तिथला. नांगरट, लावणी, गुरं, सरपण, सगळं तोच करायचा. त्याला घरात यायची मुभा नव्हती आणि घरातल्या भांड्याला हात लावायचीही नव्हती. चहा मात्र द्यायलाच लागायचा. साहेबाच्या उरलेल्या दोन भांड्यांत बशी धड होती, म्हणून ती आत राहिली. कपाला कान नव्हता. घरच्या बायकांनी ठरवलं की कान तुटला. तुटक्या कपात घरच्या माणसाने पिऊ नये, म्हणून तो जैतूला दिला. जैतू चहा प्यायचा, स्वतःच कप विसळायचा आणि पुन्हा वळचणीला खोचून ठेवायचा. दुसरं कुणी त्याला शिवत नसे.

चहा ओतायचं काम लहानग्या रघूचं होतं. वरून ओतायचा, किटली कपाला लागता कामा नये. किती उंचावरून धार सोडता येते हा त्याचा खेळ झाला होता. कडकडीत चहा जैतूच्या बोटांवर उडायचा. जैतू हात हलवायचा नाही, नुसता हसायचा. पुढे त्याचे गुडघे गेले, कामाला येईना झाला, तेव्हा धोंडूबाईने वळचणीकडे बोट दाखवून सांगितलं, "तो घेऊन जा. हितं कोण तोंड लावणार त्याला? जैतूचा कप जैतूलाच."

"आये, तो साहेबाचा कप व्हता गो!" रघूशेठ ओरडला. "आणि कान तुटला नव्हता, मुळातच नव्हता!"

"कान नसलेला कप ठेवायचा?" धोंडूबाई म्हणाली. "मग साहेब गरीबच व्हता म्हणायचा."

दुसऱ्याच दिवशी रघूशेठ जीप घेऊन निघाला. हायवे सोडला, कच्चा रस्ता संपला तिथे जीप ठेवली आणि पायवाट चढून वाडीवर गेला. पोट सुटलेलं, धाप लागली, पण चढला. जैतूचं घर शेवटचं, कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेलं अंगण. अंगणात जैतू उन्हाला बसला होता. वाळून काटकी झालेला. छातीतून प्रत्येक श्वासाबरोबर कुईकुई आवाज यायचा. त्याच्या दोन्ही हातांत तो कप होता, त्यात काळा चहा होता.

रघूशेठची नजर जैतूकडे गेलीच नाही. निळा पूल, होडी, कोळी. एक ओरखडा नाही, टवका नाही. त्याच्या काचेच्या कपाटातला सगळा माल ह्याच्या पासंगाला पुरणार नव्हता.

"धाकलं शेठ!" जैतू उठायला लागला. "आगं ठके, बघ कोण आलंय! च्या टाक!"

"नको नको, आत्ताच घेतला," रघूशेठ म्हणाला. वाडीवर तो नेहमी असंच म्हणायचा. जैतूची बायको ठकी दारात आली आणि त्याचं 'आत्ताच घेतला' ऐकून तिथेच थांबली. तिला ते ठाऊक होतं.

"जैतू, तो कप मला दे." जैतू त्याच्याहून वीस-पंचवीस वर्षांनी थोरला, पण रघूच्या तोंडी त्याच्यासाठी कायम अरे-तुरेच. "त्याच्या बदल्यात काय पायजे ते माग. घरावर पत्रा घालून देतो."

जैतू हसला. हसताना खोकला आला, खोकून झाल्यावर पुन्हा हसला. "पत्र्यानं उकडतंय, शेठ. आन ह्यो कसा देऊ? बैल तुमचे, शेत तुमचं, मी बी तुमचाच व्हतो. आख्ख्या जन्मात माझा म्हणून ह्यो येवढाच भेटला. तुमच्या आईनंच सांगितलं, जैतूचा कप जैतूलाच. पोरं बी तोंड लावत नाय त्याला."

"अरे, पण तुला त्याची किंमत काय कळणार?"

"नाय कळत," जैतू कबूल झाला. "च्या बरा लागतो एवढं कळतंय. ह्यो कोळी हाय ना, रोज सकाळी बघतो. अजून मासा गावला नाय त्याला."

रघूशेठने कप हातात मागितला. जैतूने आधी चहा संपवला, धोतराच्या सोग्याने पुसला, मग दिला. रघूने कप पालथा केला, मोबाइल काढला आणि खालच्या वळवळीचा फोटो घ्यायला लागला. बशीच्या पाठीवर होती तीच खूण.

"मी हाय तवर राहू दे, शेठ," जैतू म्हणाला. "मी काय आता जास्ती नाय."

"आणि मग?"

उत्तर ठकीने दिलं. "मेल्या माणसाचं भांडं आमी घरात ठेवत नाय. रीत हाय आमची."

पुढे तिने रीत काय आहे तेही सांगितलं, पण रघूशेठ कपाच्या काठाचा फोटो काढत होता. त्याला एवढंच ऐकू आलं, की ही माणसं कप घरात ठेवणार नाहीत. त्याच्या जगात घरात न ठेवायची वस्तू म्हणजे कुणीतरी उचलून न्यायची वस्तू. त्याने स्वतःही बापाच्या मागे बापाचं अंथरूण, छत्री, चपला गड्यालाच दिल्या होत्या, त्या जैतूलाच मिळाल्या होत्या. तेव्हा हिशेब सरळ होता. म्हातारा जाईल, कप येईल.

तो खूश होऊन खाली उतरला.

पुढच्या आठवड्यात त्याने कल्याणहून नक्षीचे सहा कप आणवले आणि ड्रायव्हरकरवी वाडीवर पाठवले. म्हाताऱ्याला नव्याची गोडी लागली तर काम लवकर होईल, असा डाव होता. पुन्हा वर गेला तेव्हा अंगणात त्यातले दोन दिसले. एकात कोंबड्या पाणी पीत होत्या. "लई बेस हायेत," जैतूने मनापासून सांगितलं. "कोंबड्यांना बुटकं भांडं लागतं."

मग रघूशेठने वाट बघायला सुरुवात केली. आणि वाट बघणारा माणूस किती गोड होतो हे त्या वर्षी सगळ्या खर्डीने पाहिलं. जैतूची नात दिपाली शहापूरला कॉलेजात जायची, खर्डीला गाडी पकडायची. रघूशेठ तिला बघून जीप थांबवायचा. "जैतूबाबा कसे आहेत गं? खोकला कसा आहे? जेवतात का?" गड्याचा एकदम जैतूबाबा झाला. दिपाली सांगायची, आज बरं आहे, काल अंगणात फिरले. त्या दिवशी रघूशेठला भाकरी गोड लागायची नाही. ती म्हणायची, रात्रभर दम लागला होता, झोप नाही. त्या दिवशी तो दोन वाट्या आमटी जास्त घ्यायचा. घरात सून भाग्यश्री नवऱ्याला म्हणाली, बाबांना म्हातारपणी माणुसकी फुटली बघा. चहाच्या टपरीवरही तसंच बोलायला लागले. लांडगा गुराख्याची तब्येत विचारतोय म्हटल्यावर खरं तर त्यांनीच सावध व्हायला हवं होतं, पण लोकांना चांगलं बोलायची हौस असते.

म्हातारा मात्र चिवट निघाला. पौष गेला, माघ गेला. मधे मुरबाडकडची म्हसा गावची जत्रा झाली, तिथली घोंगडी रघूशेठने वाडीवर पाठवली नाही, म्हटलं उगाच ऊब कशाला. मेहेरबाईचा फोन आला की तो सांगायचा, कप मिळालाच म्हणून समजा, जरा कागदपत्रं बाकी आहेत. जमिनीच्या धंद्यातली सवय. मोहाची झाडं फुलायला लागली, होळी तोंडावर आली आणि जैतूची छाती अजून कुईकुई करतच होती. एवढी साधी गोष्ट ह्या माणसाला जमू नये ह्याचा रघूशेठला संताप यायचा. आयुष्यभर सांगितलेलं काम वेळेवर करणारा गडी, आणि नेमका आता कामचुकारपणा.

आणि मग एका दुपारी दिपाली फाटकातून पळत आत आली. चपला पायात नव्हत्या, ओढणी कमरेला बांधलेली. रघूशेठ ओटीवर मऊ फडक्याने बशी पुसत बसला होता.

"शेठ, आज्याला श्वास येत नाय. ओठ निळे पडलेत. ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती घाटात अपघात झालाय तिकडं गुंतलीय. वाडीतले लोक डोलीत घालून खाली आणतायत. तुमी कच्च्या रस्त्यापर्यंत जीप आणा. शहापूरला नेऊ, तिथं ऑक्सिजन हाय."

जीप अंगणात चिकूच्या सावलीत उभी होती. किल्ली रघूशेठच्या लेंग्याच्या खिशात होती, मांडीला टोचत होती. त्याने बशीकडे बघितलं. पुलावर कुणी नव्हतं, पूल कपातल्या पुलाची वाट बघत होता. ऑक्सिजन मिळाला तर म्हातारा उठेल. उठला तर पुढची दिवाळी बघेल. प्रदर्शन होऊन जाईल.

"जीप बंद आहे गं," तो म्हणाला. "टायर बसलाय."

दिपालीने जीपकडे पाहिलं. चारी टायर टरटरून फुगलेले होते. तिने रघूशेठकडे पाहिलं. तो बशीचा काठ पुसायला लागला होता.

"शेठ, पाया पडते."

"अगं, मी काय खोटं बोलतोय? खर्डीला रिक्षा बघ. स्टेशनला असतात."

ती वळली आणि आली तशीच पळत गेली. फाटक उघडंच राहिलं. धोंडूबाईने खाटेवरून सगळं पाहिलं होतं. म्हातारीला नव्वदीतही डोळ्याला कमी दिसत नव्हतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "गाडीतच मेला असता तर गाडी धुवायला लागली असती."

रघूशेठने बशी कपाटात नेऊन ठेवली. तिच्या मधोमध, कप बसतो तिथे, एक पुसट गोल होता. त्याने त्यावरून बोट फिरवलं. त्याला भूक लागली होती.

सकाळी दूधवाल्याने बातमी आणली. रघूशेठने आंघोळ केली, पांढरे कपडे घातले, चेहरा लांब केला. भाग्यश्रीच्या बांगड्यांची एक लाकडी पेटी होती, ती रिकामी करून घेतली आणि आत कापूस दाबून भरला. पेटी पिशवीत, पिशवी खांद्याला. जीप पहिल्याच किल्लीला सुरू झाली.

वाडीवर पोहोचला तेव्हा लोक माती देऊन परतले होते. अंगणात बायका बसल्या होत्या, ठकी कुडाला टेकून होती. रघूशेठने हात जोडले. "जैतूबाबा म्हणजे आमच्या घरातलेच. फार वाईट झालं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याची नजर दारातून आत गेली. कोनाडा रिकामा होता. चुलीजवळ नव्हता. फळीवर कल्याणच्या कपांतले चार होते, तो नव्हता. बायकांच्या मध्ये उभं राहून तो दुसऱ्यांदा म्हणाला, "फार वाईट झालं."

मग त्याला राहवेना. "ठके, तो कप कुठाय?"

ठकी उठली. तिने त्याच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, आणि म्हणाली, "चला. दावते."

ओढ्याच्या अल्याड करवंदीच्या जाळीखाली मसणवट होती. ताज्या मातीचा ढीग, त्यावर काट्याच्या फांद्या, उशाशी एक धोंडा. धोंड्यापाशी चहा सांडल्याचा ओला डाग होता आणि त्या डागात निळे-पांढरे तुकडे पडले होते.

रघूशेठच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता. तो गुडघ्यांवर पडला. दोन्ही हातांनी माती उकरून तुकडे वेचायला लागला. हा देवळाचा, हा झाडाचा, हा नुसताच पांढरा. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, नाक वाहत होतं. मागून वाडीतली चार माणसं आली होती. ती बघून हळहळली. एवढा मोठा शेठ, आणि गड्यासाठी कसा रडतोय, असं एक जण खरंच म्हणाला.

"का फोडलास? का फोडलास गं?"

"तुमाला सांगितलं व्हतं तवाच," ठकी म्हणाली. "मेल्याचं भांडं घरात ठेवत नाय, त्याच्या उशाशी फोडतो. सगळ्यांचीच फोडत नाय आता, पितळ असलं तर पोरं ठेवतात. पर ह्याला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाय असं तुमच्याच घरानं ठरवलेलं. आमी पाळलं. शेवटचा च्या घातला आन फोडला."

"मला द्यायचा ना!"

"देणारच व्हता," ठकी म्हणाली.

रघूशेठचे हात थांबले.

"डोलीत घातला तवा कप मागून घेतला त्यानं. छातीशी धरून बसला. म्हणला, खाली रस्त्याला रघू गाडी घेऊन उभा आसंल. दवाखान्यात न्यायला आलाय म्हणजे घरचा माणूस झाला. त्याला देऊन टाकतो, लई आस हाय पोराची. दर वळणाला इचारायचा, गाडी दिसती का? ओढ्यापर्यंत इचारत व्हता." ठकीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "रस्त्याला पोचलो तवा गाडी नव्हती आन ह्यो बी नव्हता. मग कप त्याचाच राहिला ना?"

दिपाली आजीच्या मागे उभी होती. रात्रभर रडून डोळे सुजले होते, पण आता ते कोरडे होते. "मी आज्याला टायरचं सांगितलं नाय," ती म्हणाली. "परत आले तवा डोली निम्म्यात होती. गाडी येतेय, असंच सांगितलं. टायर फुगला का, शेठ?"

रघूशेठला एकाच गोष्टीचं दुःख होतं. किल्ली खिशात होती. फिरवायचा अवकाश, कप आपण होऊन हातात येणार होता. म्हातारा जगला असता की मेला असता हा विचार त्या क्षणीही त्याच्या मनाला शिवला नाही, आणि हे त्याच्याबद्दल लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

"ते तुकडे ठेवा तिथं," ठकी म्हणाली. "जैतूचे हायेत."

त्याने ठेवले. म्हणजे ठेवल्यासारखं केलं. होडीतल्या कोळ्याचा तुकडा त्याच्या मुठीत राहिला. मूठ त्याने घट्ट आवळली, आणि तशीच आवळून डोंगर उतरला, एका हाताने जीप चालवत घरी आला. पिशवीतली कापसाची पेटी शेजारच्या सीटवर आपटत होती.

धोंडूबाई ओटीवर होती. त्याच्या गुडघ्यांवरची माती तिने लांबूनच पाहिली.

"थांब! मसणात गेला व्हतास? पायरी चढू नको. हातात काय हाय?"

त्याने मूठ उघडली. तळवा चिरला होता. रक्तात निळा कोळी बसला होता, मासा अजून मिळाला नव्हता.

"शी! मेल्याच्या उशाचं उचलून आणलंस? अरे, त्याच्या उष्ट्याला कवा कोण शिवलं नाय ह्या घरात, आन तू त्याच्या मसणातलं हातात धरून आलास?" "टाक ते बाहेर. न्हाल्याबिगर घरात यायचं नाय. भाग्यश्री, पाणी तापव. आन त्याला शिवू नको."

"आये, हे कुठं ठेवू तरी गो?" रघूशेठ म्हणाला. आवाज लहान पोरासारखा आला.

"वळचणीला खोच," धोंडूबाई सवयीने बोलून गेली.

त्याने वर पाहिलं. बंगल्याला सिमेंटचा स्लॅब होता. वळचण नव्हती.

तो खालच्या पायरीशी उकिडवा बसला. पाणी तापायला वेळ होता. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हणून भाग्यश्री चहाची किटली घेऊन आली. तिने आजेसासूकडे पाहिलं. धोंडूबाईने मान हलवली, लांबून, अशा अर्थी. भाग्यश्रीने कपाटातला नाही, फळीवरचा नाही, मोरीजवळचा पोचे पडलेला स्टीलचा पेला आणला, त्याच्यापुढे फरशीवर ठेवला आणि ओटीवरूनच किटली वाकडी केली.

धार उंचावरून आली. चहा कडकडीत होता, चिरलेल्या हातावर उडाला. रघूशेठने पेला धरून ठेवला आणि तो बोंब मारून रडला. ह्या वेळी मात्र कुणालाच वाटलं नाही की तो जैतूसाठी रडतोय.